ताटातलं वचन

गुलाबराव लोंढ्यांनी चिठ्ठी उघडली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, आणि पहिला शब्द उच्चारण्याआधीच त्यांचा चेहरा पडला.

"मोठ्यानं वाचा, गुलाबराव," व्यासपीठावरून पाळकसाहेब म्हणाले.

गुलाबरावांनी वाचलं. देवाला खोट्या तराजूचा वीट आहे, अशा अर्थाचं ते वचन होतं. गुलाबरावांचं पेठेत किराण्याचं दुकान. मंडळीतली निम्मी घरं त्यांच्याकडून साखर-तांदूळ नेणारी. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला सर्दीचा नव्हता हे सगळ्यांना कळलं.

आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना झाली की पितळी ताट फिरायचं. त्यात बायबलमधल्या एकेका वचनाच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. डोळे मिटून हात घालायचा, येईल ती चिठ्ठी उचलायची आणि जागेवर उभं राहून वाचायची. ते तुमचं वर्षाचं वचन. घरोघरी ते चौकट करून भिंतीवर लागायचं. शिवाय फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी प्रत्येकानं आपलं वचन सगळ्यांसमोर तोंडपाठ म्हणायचं, असा आमचा नियम. नगरपासून बसनं दोन तासांवरचं आमचं तालुक्याचं गाव, शे-सव्वाशे माणसांची मंडळी. सिनेमाचं थिएटर बंद पडलेलं. त्यामुळे करमणूक म्हणूनही हा नियम सगळे आवडीनं पाळायचे.

चिठ्ठ्या दर वर्षी लीलावतीबाई करायच्या. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि निवड त्याहून सुरेख. शांती, आशीर्वाद, भरलेली कोठारं, हिरवी कुरणं. पण त्या वर्षी त्या लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरला गेल्या आणि काम राहेलबाई खरातांकडे आलं. राहेलबाई म्हणजे निवृत्त बायबलबाई. उभी हयात खेड्यापाड्यांत पायी फिरून बायकांना येशूच्या गोष्टी सांगितलेली, आता एका डोळ्यानं कमी दिसणारी आणि दोन्ही कानांनी हवं तेवढंच ऐकणारी म्हातारी. देवाच्या वचनांत निवडानिवड करणारे आपण कोण, असं म्हणून तिनं बायबल कुठंही उघडलं, बोट ठेवलं, बोटाखाली आलं ते लिहिलं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

तर त्या सकाळी हेडमास्तरांना मंडपाच्या पडद्यांची लांबी-रुंदी आली. गेल्याच महिन्यात लग्न झालेल्या जोडप्याला टोळधाड आली. तीस वर्षं संसार केलेल्या एका गृहस्थांना, भांडखोर बायकोबरोबर राहण्यापेक्षा घराच्या धाब्यावर एका कोपऱ्यात राहिलेलं बरं, असा सल्ला आला, आणि तो त्यांनी बायकोशेजारी उभं राहून खणखणीत आवाजात वाचला. लोक बाकांवर डोकी टेकून हसत होते. पाळकसाहेबसुद्धा रुमालात तोंड लपवून प्रार्थनेचा आव आणत होते.

मग ताट माझ्यापुढे आलं.

मी चिठ्ठी काढली, उभी राहिले, आणि नेहमीच्या हसऱ्या चेहऱ्यानं वाचायला लागले. ते एका स्तोत्रातलं वचन होतं. वाचताना मला अर्थ लागला नाही, कारण मी अर्थाकडे नाही, आवाजाकडे लक्ष देत होते. मी मिशनच्या शाळेत दुसरीला शिकवायचे. मला स्पष्ट वाचायची सवय. त्या वचनात कुणीतरी देवाला सरळ विचारलं होतं, की तू मला कायमचाच विसरलास काय, आणि आणखी किती दिवस माझ्यापासून तोंड फिरवून बसणार आहेस?

मघाचं हसणं कुठल्या कुठं गेलं. आईनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं, आणि गुलाबराव खालच्या आवाजात म्हणाले, "अरेरे, हिलाच यायचं होतं का हे!"

हे 'हिलाच' का, ते सांगायला हवं.

आमच्यात लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार पुकार होते. पाळक उभे राहून सांगतात, की अमक्याचं अमकीशी लग्न ठरलं आहे, ही पहिली पुकार, कोणाची हरकत असल्यास कळवावी. तीन पुकारी झाल्या की लग्न. माझ्या दोन झाल्या होत्या. नवरा मुलगा पुण्याचा, कारखान्यात फोरमन, गाणारा. वर्षभर आम्ही एकमेकांना ओळखत होतो. मी त्याच्यासाठी टेनर आणि सोप्रानो अशा दोन सुरांत मिळून गायच्या गाण्यांची यादीसुद्धा ठरवली होती. तिसऱ्या पुकारीच्या आदल्या दिवशी त्याचा काका बसनं आला, चहा घेतला, आणि म्हणाला की प्रदीपनं मस्कतला जाणाऱ्या एका नर्सशी रजिस्टर लग्न केलं आहे. मग त्यानं दुसरा कप चहा घेतला, कारण परतीची बस चारला होती.

तिसऱ्या रविवारी पुकारीची वेळ आली तेव्हा पाळकसाहेब काही न बोलता पुढच्या गीताकडे वळले. तेवढीच एक जागा रिकामी राहिली, आणि अख्ख्या मंडळीनं ती ऐकली.

मी रडले नाही. माझं नाव सुहासिनी, आणि आमच्या घरात नावाला जागायची पद्धत होती. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मी तेरा वर्षांची असताना ते तीन दिवसांच्या तापानं गेले, तेव्हा आई कबरीपाशी डोळ्यांतून टिपूस न काढता उभी राहिली आणि नंतर सांत्वनाच्या सभेत तिनं स्वतः उपकारस्तुतीचं गीत सुरू केलं. आजही गावात म्हातारी माणसं त्याची आठवण काढतात. तर अशा बाईच्या मुलीनं एका फोरमनसाठी रडायचं? मी हसले. लोक भेटायला आले, म्हणाले देवाची याहून चांगली योजना असेल, मी म्हटलं हो, नक्कीच. त्यांना चहा केला. त्या महिन्यात आमच्याकडे एवढी चहा पावडर लागली, की लग्न झालं असतं तर बरं परवडलं असतं.

चांगली योजना नाताळाच्या आधीच येऊन पोचली. जालन्याचे बोर्डे. पोस्टात कारकून, वय अडतीस, बायको वारलेली, दोन मुलं. आईला हा देवाचा हातच वाटला. घाई एवढ्याचसाठी, की लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, आमच्याकडे लग्नं होत नाहीत, आणि त्या वर्षी लेंट सुरू होतो तो भस्म बुधवार फेब्रुवारीच्या शेवटी होता. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पहिली पुकार व्हायलाच हवी होती. एकदा लेंट लागला की गोष्ट ईस्टरपलीकडे जाणार, आणि तोवर बोर्ड्यांना दुसरीकडून सांगून येणार. आईचं गणित चोख होतं. त्यात मला काय हवं आहे, याची जागा कुठं नव्हती. पण खरं सांगायचं तर मलाही ते माहीत नव्हतं. मला कुणी विचारलं की मी हसायचे.

अशात ती चिठ्ठी.

दुपारपासूनच आमच्याकडे लोकांची रीघ लागली. पाळकीणबाई स्वतः दुसरं वचन लिहून घेऊन आल्या, त्यात पंखांची छाया की काहीतरी होतं. टोळधाडवाली सूनबाई आली, पण ती बदलून द्यायला नव्हे, बदलून घ्यायला आली होती, आणि माझी चिठ्ठी वाचल्यावर म्हणाली की नको, माझी टोळधाडच बरी. गुलाबराव आले. त्यांचं म्हणणं, सगळ्यांच्याच चिठ्ठ्या रद्द करून लीलावतीबाई परत आल्यावर ताट पुन्हा फिरवावं. यात त्यांचा स्वार्थ कुठं आहे हे कुणी बोललं नाही.

आई म्हणाली, "चल. त्या म्हातारीकडूनच बदलून आणू."

राहेलबाई अंगणात बसून तांदूळ निवडत होती. सलाम केला, बसलो. आईनं गोड आवाजात सुरुवात केली, की मुलीचं आयुष्याचं वळण आहे, वचन जरा शुभ असावं.

"ताटात हात कुणी घातला?" राहेलबाईनं विचारलं.

"हिनंच."

"मंग?"

"पण राहेलबाई, असलं कुणी लिहितं का? देवालाच जाब विचारल्यासारखं!"

"म्या लिहिलं न्हाई. दाविद राजानं लिहिलं. त्याला सांग जा." म्हातारीनं एक खडा उचलून फेकला. "लीलावतीनं वीस वर्सं गोड गोड येचून घातलं, म्हणून समद्यांना वाटतं पुस्तकात नुसती साखरच हाय. निम्मी स्तोत्रं रडगाणी हायती. तुमी कुणी उघडीतच न्हाई ती पानं."

आई हार मानणारी नव्हती. तिनं तिथलंच बायबल घेऊन ते स्तोत्र उघडलं आणि मला पूर्ण वाचायला लावलं. लहानसंच होतं. आधी ते सगळं 'किती दिवस, किती दिवस', मग थोडी विनवणी, आणि शेवटी एकदम सूर बदलतो. तोच माणूस म्हणतो की मी देवाच्या दयेवर विसंबलो आहे, मी गाणार.

"हे बघा!" आईचा चेहरा उजळला. "शेवट किती चांगला आहे. हे शेवटचं वाक्य लिहून द्या हिला. स्तोत्र तेच, म्हणजे तुमचंही राहिलं."

मला ही तडजोड फारच पटली. राहेलबाईनं मात्र माझ्याकडे बघितलं, तिच्या बऱ्या डोळ्यानं.

"तुला गावंसं वाटतंय का?"

मी हसले.

"हसू नगं. इचारलं ते सांग."

मी गेल्या ऑक्टोबरपासून चर्चच्या गायकमंडळात नुसते ओठ हलवत होते. आवाजच निघत नव्हता. ते कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत होतं. मी खाली वाकून तिच्या तांदळातले खडे वेचायला लागले.

"मंग शेवटचं वाक्य तुझं न्हाई," ती म्हणाली. "आन् मला लई शहाणी समजू नका. माझा नवरा ग्येला तवा म्या काय असलं वाचीत बसले न्हवते. नुसती रागावले. दोन वर्सं देवाशी अबोला. गावोगाव त्येचं नाव सांगत फिरायची आन् घरी आले की त्येच्याशी एक सबुद बोलायची न्हाई. त्यो बी लई दमाचा. त्यानंबी काय इचारलं न्हाई."

आई उठली. वाटेत ती म्हणाली, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण चिठ्ठी तीच राहिली. मंडळीत राहेलबाईशी उघड वैर घेण्याची छाती कुणाचीच नव्हती, पाळकसाहेबांचीसुद्धा.

मग पाठांतर. आता हे बघा, मी लहानपणापासून पाठांतरात पहिली. अध्यायच्या अध्याय धडाधड म्हणायचे, बक्षिसाच्या वाट्या अजून घरात आहेत. आणि हे दोन ओळींचं वचन मला पाठ होईना. भांडी घासताना म्हणायचे, शाळेत जाताना म्हणायचे, पहिली ओळ झाली की पुढचं गळून जायचं. दुसरीच्या मुलांना पाढे शिकवतात त्या चालीवर लावून पाहिलं, तरी नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "सुहास, निदान हसून तरी म्हण." ते वचन हसून म्हणता येतं का, तुम्ही कधी करून बघा.

मधल्या काळात बोर्डे बघायला आले, बहिणीला घेऊन. शांत माणूस. पोहे खाताना त्यांनी बशीकडे बघतच विचारलं, "तुमची स्वतःची इच्छा आहे ना?"

"आईला विचारा," मी म्हटलं आणि हसले. त्यांना ते लाजणं वाटलं असावं. पहिली पुकार ठरली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, शनिवारची अर्धी शाळा संपवून मी घरी आले. आई पाळकीणबाईंकडे गेली होती. दाण्याचं कूट करायचं होतं म्हणून मी खलबत्ता घेऊन बसले, आणि सवयीनं ते वचन सुरू केलं. पहिली ओळ म्हटली. पुढची आठवेना. पुन्हा पहिली ओळ. दाणे कुटतेय आणि विचारतेय, की तू मला कायमचाच विसरलास काय? आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी मला असा राग आला म्हणून सांगू! इतके दिवस मी हा प्रश्न भिंतीला विचारत होते. प्रश्न विचारला की उत्तर द्यायला कुणीतरी असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खरंच, विसरलास का?" मी म्हटलं. हे वचनात नव्हतं.

आणि मग जे सुरू झालं ते दाविदानं लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, दोन पुकारी करून घेतल्यास आणि तिसरीला तोंड फिरवलंस. त्याला मस्कतलाच पाठवायचं होतं तर आधी पाठवायचा होतास, माझी गाण्यांची यादी होण्याआधी. त्याच्या काकाला मी दोन कप चहा दिला, आलं घालून. माझा लग्नाचा झगा मामेबहिणीला दिला आईनं, तो तिला नीट होतसुद्धा नाही. सगळे म्हणतात तुझी चांगली योजना आहे. असेल. पण ही जी वाईट झाली, तिचं काय? ती कुणाची होती? मी एकीकडे बत्ता आपटत होते आणि एकीकडे रडत होते, नाक-डोळे एक झाले होते, आणि दाण्याचं कूट तर केव्हाच होऊन त्याला तेल सुटलं होतं.

भिंतीपलीकडून यमुनाकाकूंची हाक आली. "कोण आलंय गं, सुहास?"

"कुणी नाही, काकू. देवाशी बोलतेय."

काकू म्हणाल्या, "बरं. मला वाटलं भांडतेस."

शेवटचं ते गाण्याबिण्याचं वाक्य मला त्या दुपारी म्हणावंसं वाटलं नाही. पण वचन पाठ झालं होतं. आणि रात्री मी तीन भाकरी खाल्ल्या, आईनं मोजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्वच्छ कळलं, की बोर्डे चांगले आहेत, त्यांची मुलंही चांगली असतील, आणि मला त्यांच्याशी लग्न करायचं नाही.

आईला सांगायचा प्रयत्न केला. नाही असं नाही. तिनं बोलूच दिलं नाही. पाहुण्यांना पत्रं गेली आहेत, पाळकसाहेबांना सांगून झालं आहे, बोर्ड्यांनी जालन्याच्या चर्चमध्ये कळवलं आहे. "एकदा मोडलं, आता दुसऱ्यांदा मोडलं तर तुला कोण करून घेणार?" ती म्हणाली. तिनं पाहुण्यांच्या पत्त्यांची वही उगाचच उघडली आणि मिटली. मला तिची कीव आली आणि मी गप्प बसले. मला वाटलं, आई घाबरली आहे, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

फेब्रुवारीचा पहिला रविवार उजाडला.

पाठांतर म्हणजे दर वर्षी गंमत असायची, त्या वर्षी तर जत्राच. हेडमास्तरांनी पडद्यांची मापं चोख सांगितली. टोळधाडवाल्या जोडप्यानं अर्धी-अर्धी धाड वाटून घेतली होती. भांडखोर बायकोवाले गृहस्थ वचन विसरले, तर बायकोनंच बाकावरून आठवण करून दिली. गुलाबरावांनी आपलं वचन इतक्या वेगानं म्हटलं, की तराजू कुठं आला आणि गेला ते कळलंच नाही. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं.

माझी पाळी आली. मी उभी राहिले. आई कुजबुजली, "हसून."

मी हसले नाही. वचन म्हटलं, हळूहळू, एकेक शब्द. मधे आवाज फाटला. तरी मी पुढं म्हटलं. कुणाकडे बघत नव्हते. मला विचारायचं होतं त्यालाच मी विचारत होते. संपलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघी पदरानं डोळे पुसत होत्या. पाळकसाहेब भले गृहस्थ. ते मायेनं म्हणाले, "सुंदर. आणि या स्तोत्राचा शेवट काय आहे, सुहासिनी? तोही सांग, म्हणजे सर्वांना धीर येईल."

"शेवटापर्यंत मी अजून पोचले नाही, पाळकसाहेब," मी म्हटलं.

कोपऱ्यातून राहेलबाई ठसठशीत "आमेन" म्हणाली. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, आणि सूचनांकडे वळले. अमुक दिवशी प्रार्थनासभा, तमुक दिवशी कबरस्तानाची साफसफाई. मग त्यांनी शेवटचा कागद घेतला.

"या मंडळीतील मार्थाबाई दुशिंग यांची कन्या सुहासिनी हिचा विवाह जालना येथील श्री. सत्यशील बोर्डे यांच्याशी ठरला आहे. ही पहिली पुकार. कोणाची हरकत असल्यास कळवावी."

इथं नेहमी ते एक श्वास घेण्यापुरते थांबायचे. शिष्टाचार म्हणून. आजवर त्या श्वासात कुणी कधी काही बोललं नव्हतं.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं.

पाळकसाहेबांनी कागद पाहिला. मला पाहिलं. पुन्हा कागद पाहिला, जणू त्यात माझ्याजागी दुसऱ्या कुणाचं नाव असेल. "पण तू वधू आहेस."

"हो."

"वधूची हरकत..." त्यांनी पंच मंडळींकडे मदतीसाठी पाहिलं. पंचांत गुलाबराव होते. ते उठून उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "कोणाची असं म्हटलंय ना, साहेब. मग तीही धरायला पाहिजे. वजनमाप सगळ्यांना सारखं." त्यावर मात्र लोकांना हसू आवरेना, आणि त्या हसण्यानं मला थोडा धीर आला.

"हरकतीचं कारण?" पाळकसाहेबांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता, घरात बोलतात तसा.

माझ्याकडे कारण तयार नव्हतं. बोर्ड्यांबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि मला सांगायचंही नव्हतं. मी खरं होतं ते सांगितलं.

"आधीच्याचं रडून झालं नाही अजून. ते झाल्याशिवाय मला नवीन काही करता येणार नाही."

पाळकसाहेबांनी तो कागद घडी करून बायबलच्या पानांत ठेवला आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू." पण ते काही बोलले नाहीत. आम्ही सगळे डोकी खाली घालून उभे होतो आणि कुणी काही म्हणत नव्हतं. आमच्या चर्चमध्ये इतकी लांब न बोललेली प्रार्थना मी ना त्याआधी पाहिली, ना नंतर. त्याच वेळी जालन्याच्या चर्चमध्ये मात्र आमची पुकार बिनहरकत पार पडली. तिकडच्या मंडळीनं अभिनंदनही केलं, असं नंतर कळलं. बोर्ड्यांना आम्ही तार केली. त्यांनी राग धरला नाही.

घरी जाताना आई माझ्यापुढं चालत होती. घरात आल्यावर तिनं चपला काढल्या, पातेलं चुलीवर आदळलं, झाकण आदळलं, विळी आदळली. मी दारातच उभी. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून वाट बघत होते, आणि सुटला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती कांदा चिरायला बसली आणि मला पाठमोरी असतानाच म्हणाली, "तुझे वडील गेले तेव्हा मी रडले होते का?"

"नाही."

"सभा झाल्यावर मिशनच्या मॅडम आल्या. माझा हात धरला. म्हणाल्या, मार्था, तू आम्हा सगळ्यांना उदाहरण आहेस." कांद्याच्या दोन फोडी झाल्या, चार झाल्या. "अकरा वर्षं उदाहरणच आहे मी."

मी जवळ जाऊन बसले. ती चिरत राहिली. ओट्याखालची मांजर येऊन गेली. मग तिनं विळी आडवी केली.

"म्हण ते."

"काय?"

"तुझं वचन. हळू म्हण, मला पाठ नाही."

मी पहिली ओळ म्हटली. ती माझ्यामागून म्हणाली, शाळेत बाईंमागून म्हणतात तशी, कोरडी. मी दुसरी ओळ सुरू केली, पण ती माझ्यामागून आली नाही. मी बघितलं तर तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"ह्यांना का नेलंस," ती म्हणाली, "ते अकरा वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस तू."

ती माझ्याशी बोलत नव्हती.